चर्चेसची एकी कशावर उभी राहते: मतांवर, मालमत्तेवर की पाय धुण्यावर?

सलाम_नगर

सलाम मंडळी!

18 ते 25 जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा सप्ताह. आमच्या तालुक्याच्या गावात चर्चेस चार. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट पंथ एक होऊन झालेलं), कॅथलिक, मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी), आणि एक नवं, भाड्याच्या हॉलमध्ये भरणारं, गिटार-ड्रमवालं. सप्ताहातली एक संध्याकाळ सगळ्यांनी मिळून भक्ती करायची अशी पद्धत आहे. यंदाच्या तयारीच्या बैठकीत विषय कोणते निघाले? शेवटचा आशीर्वाद कोण देणार, स्टेजवर खुर्च्या किती, मधली खुर्ची कुणाची आणि बॅनरवर नावं कुठल्या क्रमाने. रात्री बॅनरवाल्याचाच फोन आला, "छापू का नको ते एकदा सांगा, मला दुकान बंद करायचंय."

आता हेच गाव. कुणाच्या घरी मयत झालं तर खड्डा खणायला कोण आलं, चहाचं पातेलं कुणाच्या घरून आलं, पाहुण्यांचे डबे कुणी केले, तिथे कुणी कुणाचा पंथ काढत नाही. मग भक्तीलाच काय होतं?

माझं मत मांडतो, खोडा. येशूने "त्या सर्वांनी एक व्हावे" ही प्रार्थना केली योहान 17 मध्ये. त्याआधी 13व्या अध्यायात तो कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो. पौलही फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात आधी सांगतो की नम्रतेने दुसऱ्याला आपल्यापेक्षा श्रेष्ठ माना, आणि चौथ्या अध्यायात युवदीया आणि सुंतुखे या दोन भांडणाऱ्या बायकांची नावं घेऊन त्यांना एकचित्त व्हायला विनवतो. म्हणजे तो सगळा उपदेश हवेतला नव्हता, समोर भांडण होतं. पंथांचे करारनामे नंतर होतील. वर बसलेला आधी खाली उतरला पाहिजे, आणि हाताला एकत्र काम पाहिजे.

अनुभव लिहा. ख्रिस्ती नसलेल्यांनीही लिहा. धर्मांतरावर चर्चा नको, त्यासाठी इथे डझनभर धागे आहेत.

तिरकस_तात्या

जागा धरून ठेवली आहे. मधली खुर्ची कुणाला मिळाली तेवढं आधी सांगा.

सलाम_नगर

तात्या, दुसरी बैठक व्हायचीय.

कुपारी_पोर

येशूच्या शिष्यांपैकी जब्दीच्या दोन मुलांनीसुद्धा त्याच्याकडे उजवी आणि डावी जागाच मागितली होती. मधली मागायची त्यांची छाती झाली नाही. तुमचं गाव त्यांच्या पुढे गेलं :-)

पाय धुण्याबद्दल वसईतून. आमच्याकडे पवित्र गुरुवारी फादर बाराजणांचे पाय धुतात. निवड झाली की त्या घरात लगबग असते. माझ्या काकांचा नंबर लागला त्या वर्षी काकूने दुपारीच वजरीने त्यांच्या टाचा घासल्या, नखं काढली, पावडर लावली आणि नवे मोजे चढवून गाडीतून चर्चच्या दारात उतरवलं. वाडीत अनवाणी फिरणारा माणूस! फादरांच्या तस्तात पाणी पडलं ते तसंच निवळशंख. विधी मला आवडतो, मी दरवर्षी पुढच्या बाकावर असते. पण धुवायला काही शिल्लक ठेवलेलंच नसतं.

पूर्वी फक्त पुरुष बसायचे. 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला आणि बायकांना वाट मोकळी झाली. त्यांनी स्वतः तर 2013 मध्येच, निवडून आल्यावर पंधरवड्यात, रोमच्या बालसुधारगृहात जाऊन मुलांचे-मुलींचे पाय धुतले होते. त्यांत मुसलमान पोरंही होती. तेव्हा बाहेरच्यांनी कौतुक केलं आणि आतल्या काहींनी नाकं मुरडली.

डहाणू_लोकल

कुपारी, आमच्याकडचं पाणी गढूळ होतं.

माझं आजोळ ब्रदरन. 1890 च्या दशकात अमेरिकेतून या पंथाचे मिशनरी बलसाडला आले, तिथून डहाणूकडे. प्रभुभोजनाला (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) जोडून त्यांचं प्रीतिभोजन असतं, आणि त्याची सुरुवातच पाय धुण्याने. बाराजण निवडलेले वगैरे नाही. सगळे धुतात, सगळ्यांचे धुतले जातात. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. ओळीतल्या पहिल्याने कमरेला टॉवेल बांधायचा, शेजारच्याचे पाय घमेल्यात घेऊन धुवायचे, पुसायचे, उठून त्याला मिठी मारायची आणि टॉवेल सोडून त्याच्या हातात द्यायचा. मग त्याने पुढच्याचे. शेवटच्या माणसापर्यंत टॉवेल चिंब झालेला असायचा. पाळक ओळीत कुठेही, मधेच.

आजी सांगायची, त्याआधीच्या आठवड्यात मंडळीतले वडील घरोघर जाऊन विचारायचे, कुणाशी वाकडं आहे का? असेल तर मिटवून या, नाहीतर भोजनाला बसू नका. आजीचं आणि तिच्या जावेचं बांधावरून वर्षानुवर्षं अबोला. एका वर्षी वडिलांनी मुद्दाम दोघींना शेजारी बसवलं. आजी म्हणायची, "पाय धुतले. बोलले नाही. पण बांध त्या सालापासून सरकला नाही."

आता कडू भाग. 1970 मध्ये ब्रदरन सीएनआयमध्ये गेले. काही वर्षांत गुजरातेतल्या एका गटाने आम्ही वेगळेच म्हणून दावा लावला. चर्चची मालमत्ता कुणाची, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2013 मध्ये निकाल ब्रदरन गटाच्या बाजूने लागला. एकमेकांचे पाय धुणारी माणसं तीस-पस्तीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होती. तेव्हा धागाकर्त्याला माझा प्रश्न: नम्रता ठीक, सातबाऱ्याचं काय?

तिरकस_तात्या

सातबारा आला म्हणजे धागा खऱ्या अर्थाने मराठी झाला.

वचन_प्रथम

धागाकर्त्याशी असहमत. नम्रता हा सद्गुण आहे, एकीचा पाया नाही. पाया सत्य. बाप्तिस्मा बाळाचा की प्रौढाचा, भाकर म्हणजे ख्रिस्ताचं शरीर की आठवण, पोपला अधिकार आहे की नाही, ही भांडणं गर्वातून आलेली नाहीत, लोकांनी त्यासाठी जीव दिलेत. "चला सगळे मिळून डबे करू" यावर एकी उभी केली तर ती रोटरी क्लबची एकी. रोटरीही चांगलं काम करते.

मिरजेची

वचन_प्रथम, जीव दिले हे खरं, पण महाराष्ट्रात आपले पंथ ठरले कसे ते एकदा बघा. मिशनांनी मुलूख वाटून घेतला होता, एकाने दुसऱ्याच्या हद्दीत जायचं नाही. कोल्हापूर-सांगलीकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन. नगर, सातारा, सोलापूर अमेरिकन मराठी मिशन, म्हणजे काँग्रिगेशनल. नाशिकला अँग्लिकन. नागपूर-जालन्याला स्कॉटिश. यवतमाळला फ्री मेथॉडिस्ट, बुलढाणा-वाशीमकडे नाझरीन. माझे पणजोबा मिरजेच्या बाजूचे म्हणून मी प्रेस्बिटेरियन घरातली. ते चांदवडला असते तर मी अँग्लिकन असते. यात बाळाच्या बाप्तिस्म्याचा अभ्यास करून कुणी पंथ निवडला नव्हता हो. आणि ज्या वादासाठी युरोपात माणसं जाळली ते वाद आम्हाला बोटीतून आयते मिळाले.

आई मिरज मिशन हॉस्पिटलात नर्स होती. डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेला काम सुरू केलं, पुढे ते केवढं झालं हे दक्षिण महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. आईच्या बॅचमध्ये सगळ्या पंथांच्या मुली. केरळच्या सिरियन, गोव्याच्या कॅथलिक, नगरच्या, विदर्भातल्या. सकाळी वॉर्ड उघडण्याआधी एकत्र प्रार्थना, मग बेडपॅन. रविवारी तीन दिशांना तीन चर्चेस. आई म्हणायची की बेडपॅनची पाळी कुणाची यावर आमची भांडणं झाली, प्रार्थना कुणी करायची यावर कधीच नाही.

वेल्लोरचं सीएमसी हॉस्पिटलही असंच. आयडा स्कडर यांचं घराणं एका पंथाचं, पण हॉस्पिटल वाढलं ते अनेक चर्चेसनी मिळून चालवायला घेतल्यावर. कुष्ठरोगाच्या कामातही हेच. अचलपूरजवळचं कोठारा घ्या. लेप्रसी मिशन मुळातच कुठल्या एका पंथाचं नाही. ज्या रोग्याला घरच्यांनी बाहेर काढलंय त्याच्या जखमेला पट्टी बांधताना दीक्षा-परंपरा तपासत बसायला कुणाला वेळ असतो? डॉक्टर-नर्सेसनी जे शंभर वर्षांपूर्वी जमवलं त्यावर बिशपलोक अजून समित्या नेमतायत.

मेथॉडिस्ट_मामा

मिरजेची, मुलूखवाटपाचं बरोबर, पण ते पाळलंही गेलं नाही. नगरचंच उदाहरण. अमेरिकन मराठी मिशन तिथे 1831 पासून. 1870 च्या दशकात अँग्लिकनांची एसपीजी ही मिशन त्याच गावात उतरली. मग एकाच पेठेत दोन शाळा, दोन चर्चेस, आणि या मंडळीतून रुसलेला त्या मंडळीत. आज दोघंही सीएनआय. पण जुनी माणसं अजून "आपलं देऊळ" आणि "त्यांचं देऊळ" म्हणतात. सलाम_नगर, खोटं असेल तर सांगा.

आणि आता आमचंही सांगून टाकतो, कुणी काढायच्या आत. 29 नोव्हेंबर 1970, नागपूर, ऑल सेंट्स कॅथीड्रल. सहा चर्चेस एक होऊन सीएनआय झालं. एक अँग्लिकन, दुसरं प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मिळून 1924 मध्येच झालेलं संयुक्त चर्च, मग बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन मेथॉडिस्ट. अमेरिकन परंपरेतले आम्ही मेथॉडिस्ट वाटाघाटीत पहिल्यापासून होतो, आणि अक्षता पडायच्या वेळेला मंडपातून उठलो. आमच्या वडिलांच्या पिढीत यावर इतकी भांडणं झाली की जेवणाच्या ताटावर विषय काढायला बंदी होती. कुणी म्हणे बिशपांच्या खुर्च्या जातील, कुणी म्हणे अमेरिकेचा पैसा जाईल, कुणी म्हणे आपली ओळख. सगळ्यांत थोडं थोडं खरं असावं.

सलाम_नगर

मामा, खोटं नाही. दोन्ही देवळांचे घंटे वेगवेगळ्या वेळी वाजायचे हे मीही ऐकून आहे.

पण नागपूरच्या त्या दिवशी एक गोष्ट झाली ती सांगायला हवी. सगळ्या पंथांच्या पाळकांची सेवा एक कशी मानायची हा मोठा पेच होता. अँग्लिकन म्हणणार बिशपच्या हाताची दीक्षा हवी, बाप्टिस्ट म्हणणार आमची दीक्षा अपुरी होती का? दक्षिणेत 1947 मध्ये सीएसआय (चर्च ऑफ साउथ इंडिया) झालं तेव्हा जुने पाळक आहेत तसे स्वीकारले आणि पुढच्या दीक्षा बिशपकडून असं ठरवलं. उत्तरेत वेगळा मार्ग काढला. सगळ्यांच्या प्रतिनिधींनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवले. अँग्लिकन बिशपनेही आपल्या डोक्यावर बाकीच्यांचे हात घेतले. ज्याला जे कमी असेल ते देवाने द्यावं, कुणाला काय कमी आहे हे आम्ही सांगणार नाही, असा त्या प्रार्थनेचा भाव.

डहाणू_लोकल, सातबाऱ्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण बाप्तिस्म्याचा वाद मात्र याच रीतीने सुटला. सीएनआयमध्ये बाळाचाही चालतो, प्रौढाचाही.

वचन_प्रथम

सुटला की झाकला? "काय कमी आहे ते सांगणार नाही" याला मी नम्रता म्हणणार नाही, याला मराठीत वेळ मारून नेणं म्हणतात. त्या काळीही कट्टर अँग्लिकनांनी ही लपवलेली पुनर्दीक्षा आहे असा आक्षेप घेतला होता आणि उलट बाजूच्यांनीही. दोघांना वेगवेगळा अर्थ लावता यावा म्हणूनच तशी भाषा होती.

धूळखात_पुस्तक

वाचतोय केव्हापासून. खाली उतरण्याची गोष्ट निघाली आहे तर इतिहासातले दोन प्रसंग शेजारी ठेवतो.

1438. कॉन्स्टँटिनोपलवर तुर्कांचं संकट, मदत हवी म्हणून पूर्वेकडचे ख्रिस्ती इटलीत फेराराला आले, पश्चिमेशी एकी करायला. कॉन्स्टँटिनोपलचे कुलपती, म्हणजे तिथल्या चर्चचे प्रमुख, जोसेफ बोटीतून उतरण्याआधीच निरोप आला: रिवाजाप्रमाणे पोपच्या पायाचं चुंबन घ्यावं लागेल. म्हातारा आजारी होता, गरजवंत होता, तरी अडला. म्हणाला, तसं असेल तर मी बोटीतून उतरतच नाही. अखेर पोप युजीन यांनी अट सोडली. पुढच्या वर्षी फ्लॉरेन्सला एकीच्या कागदावर सह्या झाल्या. ती टिकली नाही. सह्या करून गेलेल्यांना घरच्या लोकांनीच दारात उभं केलं नाही.

आता 14 डिसेंबर 1975, सिस्टाइन चॅपेल. रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांनी 1054 मध्ये एकमेकांवर घातलेले बहिष्कार 1965 मध्ये दोन्हीकडून मागे घेतले गेले, त्याला दहा वर्षं झाल्याचा कार्यक्रम. कुलपतींचे प्रतिनिधी म्हणून मेलिटन नावाचे महाधर्माध्यक्ष आले होते. पोप सहावे पॉल, पूर्ण पोशाखात, वय 78, सांधेदुखीने बेजार, अचानक त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि त्यांच्या पायांचं चुंबन घेतलं. कुणाला कल्पना नव्हती. मेलिटन गडबडले, उलट पोपच्या पायाशी वाकू लागले, तर पोपनी वाकू दिलं नाही.

फेराराला जे मागितलं गेलं तेच 537 वर्षांनी उलट्या दिशेने, न मागता, दिलं गेलं. याने दोन्ही चर्चेस एक झाली का? नाही, आजही नाहीत. पण मागितलेली नम्रता आणि दिलेली नम्रता यांत काय अंतर असतं ते मला या दोन प्रसंगांत दिसतं. पोप स्वतःला "देवाच्या दासांचा दास" म्हणवतात तेही थोर ग्रेगरीपासून, सहाव्या शतकापासून. त्यांना कॉन्स्टँटिनोपलच्या कुलपतीने घेतलेली मोठी पदवी खटकली होती. म्हणजे ही नम्र पदवीसुद्धा चढाओढीतच रुजली. तात्या, खुर्चीचा प्रश्न जुना आहे.

तिरकस_तात्या

पुस्तकराव, भारी! मी पडलो माळकरी घरातला. वारीत वय, जात न बघता समोरासमोर आलेले दोघं एकमेकांच्या पायाला हात लावतात, पहिला कोण वाकला हे कळत नाही. लहानपणी एक आजोबा माझ्या पाया पडले होते, मी घाबरून रडलो होतो. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक म्हणायचे ना, मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, ते मला इथे पटतं.

आता लगेच उलटं. त्याच वारीत कुठली दिंडी पुढे, कुठली मागे, मान कुणाचा, यावर होणारे वाद मी पाहिलेत. पाया पडून झालं की क्रमांक!

अवांतर: जेरुसलेममध्ये येशूच्या कबरीच्या चर्चची किल्ली मुसलमान घराण्याकडे असते हे खरं का?

धूळखात_पुस्तक

खरं. किल्ली जूदेह घराण्याकडे, दार उघडण्याचा मान नुसैबेह घराण्याकडे, शतकानुशतकं. आत ग्रीक, कॅथलिक, आर्मेनियन, कॉप्ट, सिरियन, इथिओपियन, प्रत्येकाचा कोपरा आणि वेळ ठरलेली. दर्शनी भिंतीवर खिडकीखाली एक लाकडी शिडी आहे, अठराव्या शतकापासून तिथेच. हलवायची तर सगळ्यांची संमती लागते. 2008 मध्ये ग्रीक आणि आर्मेनियन साधूंची आत हाणामारी झाली, पोलीस आले, जगाने ते टीव्हीवर पाहिलं. आणि त्याच लोकांनी 2016-17 मध्ये एकत्र येऊन कबरीवरच्या देवळीची डागडुजी केली. ती पडायला आली होती, म्हणून.

सारा_प

इतका वेळ गप्प होते. आता लिहिते, कुणाला टोचलं तर टोचू दे.

नम्रता, नम्रता चाललंय. ही शिकवण कुणाला दिली जाते ते कुणी विचारलं का? माझी मावशी एका चर्चमध्ये (नाव देत नाही) दर शनिवारी बाकं पुसते, वेदीच्या पायऱ्या धुते, फुलं लावते. माझ्या आठवणीत आधीपासून. तिला पास्टरेट कमिटीत, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीत, कधी कुणी घेतलं नाही. एकदा तिने नाव दिलं तर सांगण्यात आलं, "तुमची सेवा देव पाहतो." कमिटीवाल्यांची सेवा देवाबरोबर बँकेलाही दिसते, सह्यांचा अधिकार त्यांच्याकडे आहे. आधीच खाली असलेल्याला अजून खाली उतर म्हणणं याला मी एकीचा पाया म्हणणार नाही.

आणि जात. महार ख्रिस्ती, मांग ख्रिस्ती हे शब्द आपल्याकडे लग्नाच्या बोलणीत निघतात की नाही? तमिळनाडूत त्रिचीच्या मेलपुदूर कब्रस्तानात दलित आणि इतर कॅथलिकांच्या कबरींमध्ये भिंत आहे. मेल्यावरसुद्धा. भिंतीच्या दोन्ही बाजूंचे एकाच पोपचे, एकाच पंथाचे. तिथे पंथांची एकी करून काय साधणार?

2013 च्या प्रार्थना सप्ताहाचं साहित्य भारतातून गेलं होतं, स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंटने तयार केलेलं, जगभर वापरलं गेलं. विषय बायबलमधलं मीखा 6. त्यांनी थेट दलितांचा प्रश्न मध्ये ठेवला. त्या वचनात देवासमोर नम्रभावे चालणं तिसरं आहे. आधी न्यायाने वाग, मग दया. आपल्या भाषणांत तिसरं आधी येतं आणि पहिलं वेळेअभावी राहून जातं.

कुपारी_पोर

सारा, मावशीच्या पायऱ्या वाचून गप्प झाले. आमच्याकडे फुलांची समिती अशीच, सगळ्या बायका. आर्थिक समिती, जवळजवळ सगळे पुरुष.

सलाम_नगर

सारा, मी "वर बसलेला आधी खाली उतरला पाहिजे" असंच लिहिलंय, तुमचं माझं भांडण नाही असं मला वाटतं.

सारा_प

तुमचं-माझं नसेल. पण तुमच्या बैठकीत मधल्या खुर्चीवर वाद घालणारे चौघं पुरुष होते का? आणि मयताचे डबे करणाऱ्यांपैकी एकीला तरी त्या बैठकीचं बोलावणं होतं का?

तक्रारच करतेय असं नको, म्हणून एक चांगलं. दलित ख्रिस्तींना अनुसूचित जातींमधून बाहेर ठेवणारा राष्ट्रपतींचा आदेश 10 ऑगस्ट 1950 चा. तो दिवस काळा दिवस म्हणून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मिळून पाळतात. मी एकदा मोर्चात होते. बिशप, सिस्टर, पाळक, पेंटेकॉस्टल पोरं, सगळे रस्त्यावर खाली बसलेले. मला जी काही एकी दिसली ती तिथे.

वचन_प्रथम

सारा ताई, तुमच्याशी मी पूर्ण सहमत आहे आणि त्यातून माझाच मुद्दा निघतो. न्याय हा सत्याचा भाग आहे. भिंत चुकीची आहे हे ठामपणे म्हणायला नुसती नम्रता पुरत नाही, शिकवण लागते.

तिरकस_तात्या

वचन_प्रथम कुणाशी तरी सहमत! स्क्रीनशॉट घेतला आहे.

दुबईचा_पाहुणा

मोबाईलवरून लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. इथे जमीन शासनाची, चर्चला जागा मोजकी. ऊद मेथाला एकाच आवारात कितीतरी मंडळ्यांच्या भक्ती चालतात, वेगवेगळ्या भाषा, वेगवेगळे पंथ, वेळा वाटून. एक सुटली की पुढच्यांसाठी खुर्च्या लावून ठेवायच्या. मराठी माणसं मूठभर, त्यात पंथ काढत बसलो तर नाताळची गाणी म्हणायला चौघंही उरणार नाहीत. त्यामुळे आम्ही फार नम्र आहोत. सुट्टीत गावी आलो की उतरते नम्रता :-)

मिरजेची

दुबईचे पाहुणे, हेच तर. गरज असली की जमतं.

मुक्तिफौजेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. ते बाप्तिस्मा देत नाहीत, प्रभुभोजनही करत नाहीत. वचन_प्रथम यांच्या मोजपट्टीने ते बाहेरच पडायला हवेत. 1882 मध्ये मुंबईला उतरले, त्यांचे म्होरके टकर यांनी सनदी नोकरी सोडली होती. ते भगवे कपडे घालून, अनवाणी, भिक्षा मागून राहायचे, फकीर सिंग नाव घेतलं. बाकीच्या मिशनऱ्यांना ते अति वाटायचं. आणि 2020 मध्ये नगरच्या बूथ हॉस्पिटलने कोविडचे रुग्ण घेतले, बाकीचे दारं लावत होते तेव्हा. तिथे दाखल झालेल्या कुठल्या कॅथलिकाने विचारलं असेल की तुमचा बाप्तिस्मा झालाय का?

वचन_प्रथम

मिरजेची, माझे सख्खे मामा बूथमध्ये होते आणि बरे होऊन घरी आले. तिथल्या लोकांपुढे मी हात जोडतो. तरी त्यांनी बाप्तिस्मा सोडायला नको होता असंच मी म्हणणार. दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने म्हणता येतात.

धूळखात_पुस्तक

हे मला या धाग्यातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य वाटलं.

टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्याला "देवाचा दरबार" काढला तो या प्रश्नावरच. मिशनची पगारी नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा झालेले, न झालेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एका ठिकाणी बोलावलं. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार पांगला. पंडिता रमाबाईंचंही तसंच. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला अँग्लिकन बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या भगिनींशी मतांवरून पत्रापत्री झाली ती आजही वाचवत नाही इतकी तिखट. बाईंनी कुणा एका पंथाचा शिक्का घेतला नाही. केडगावचं मुक्ती मिशन आजही कुठल्या पंथाचं नाही. रमाबाई नम्र होत्या का? पत्रं वाचून तसं म्हणवत नाही. दुष्काळातून शेकडो मुली उचलून आणून त्यांना शिकवणारी बाई होती, आणि बिशपांना फटकारायचीही. सेवा आणि गोडबोलेपणा एकत्र असतोच असं नाही.

डहाणू_लोकल

पोप फ्रान्सिस यांचं एक राहिलं. एप्रिल 2019 मध्ये दक्षिण सुदानच्या नेत्यांना व्हॅटिकनमध्ये बोलावलं आणि 82 वर्षांच्या माणसाने खाली वाकून त्यांच्या बुटांचं चुंबन घेतलं, युद्ध थांबवा म्हणून. ती बोलावणी कँटरबरीचे आर्चबिशप आणि चर्च ऑफ स्कॉटलंड यांच्या सोबतीने होती, म्हणजे तीन चर्चेस एकत्र. त्या नेत्यांचं पुढे पुन्हा फाटलं, 2025 मध्ये उपराष्ट्राध्यक्ष माचार नजरकैदेत गेले. चुंबन देणाऱ्याचं काम देणं. घेणाऱ्याला कोण काय करणार.

संपादक मंडळ

पेंटेकॉस्टल चर्चेसबद्दलचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. पंथांची नावं घेऊन टिंगल नको. चर्चा उत्तम चालली आहे, ती तशीच चालू द्या.

सलाम_नगर

दुसरी बैठक झाली. साराचा प्रश्न मी तसाच मांडला. आधी शांतता, मग एक पाळक म्हणाले, महिला मंडळाच्या चौघींना बोलवा. चौघी आल्या. त्यांच्यापैकी एकीने (मुक्तिफौजेची, निवृत्त आया) विचारलं, "माणसं किती येणार ते सांगा. स्टेज कशाला? हॉलमध्ये गोल बसा." स्टेज रद्द. बॅनरवर चर्चेसची नावं नाहीत, तारीख आणि वेळ. शेवटचा आशीर्वाद मात्र अजून लटकलाय. कॅथलिक फादर म्हणाले मला नको, सीएनआयचे म्हणाले मलाही नको, आणि आता "तुम्हीच द्या", "नाही, तुम्हीच" यावर तिढा. तात्या, हसू नका.

तिरकस_तात्या

उपड्या खुर्च्यांची स्पर्धा!

सारा_प

चौघी फक्त या बैठकीपुरत्या की पुढच्या वर्षीच्या समितीत?

सलाम_नगर

विषय निघाला, ठरलं नाही. खर्चाचा हिशेब या वेळी त्यांच्याकडे दिलाय. गिटारवाल्या मंडळीच्या पाळकांनी स्वतःहून वही त्यांच्या हातात दिली.

वचन_प्रथम

हिशेबाची वही दिली हे मला आवडलं. माझं गाव तिथून लांब नाही. मी येईन, गाईन, प्रार्थनेत असेन. प्रभुभोजन ठेवलं असेल तर मी घेणार नाही, आधीच सांगून ठेवतो म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको.

सलाम_नगर

प्रभुभोजन नाही. ते आम्हा चौघांत अजून कुणाचंच कुणाशी जमत नाही. मीखाचं वाचन आहे, तिन्ही भाग वाचणार आहोत.

मेथॉडिस्ट_मामा

तारीख? पुण्याहून एसटी कितीला निघते?

तिरकस_तात्या

ख्रिस्ती नसलेल्यांना जेवण आहे का, हा सगळ्यांच्या मनातला प्रश्न मी विचारतो.

सलाम_नगर

24 जानेवारी, संध्याकाळी सहा. मामा, शिवाजीनगरहून दुपारी एकच्या आत निघा, वाटेत ट्रॅफिक लागतं. तात्या, जेवण सगळ्यांना आहे. वरण-भात, वांग्याची भाजी, जिलेबी. मटणावर मतदान झालं होतं, ते हरलं. ताटं आपली आपण धुवायची आहेत, आणि त्या यादीत चारही पाळकांची नावं पहिल्या पाळीत टाकली आहेत.

कुपारी_पोर

मटण हरलं? वसईत अशी एकी होणं शक्य नाही.